साहेब, मारलं म्हणा की

कुंभकोणमहून बोलतोय. मागे देवळाची घंटा किंवा बसचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, या गावात दोन्ही एकाच वेळी वाजतात.

नव्यानं जोडले गेलेत त्यांच्यासाठी सांगतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. फौजेत अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. कुंभकोणम ही माझी सासुरवाडी. सौ.चं माहेर तंजावरी मराठी, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागे दक्षिणेत आलेल्या लोकांपैकी. सासूबाई एकट्या पडल्या म्हणून आम्ही इथे मुक्काम हलवला. त्यांची मराठी ऐकताना मला पहिलं वर्ष कान टवकारावे लागले. अर्धे शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे, उरलेले तमिळ.

आजचा विषय मी निवडलेला नाही, नातीनं माझ्या गळ्यात घातला. ती अकरावीत आहे, सुट्टीला आली होती. पुढे सैन्यदलात जायचं म्हणते, म्हणून एनडीएच्या परीक्षेचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसली होती. त्यात एक पान होतं: ‘क्रुएल’ या शब्दाचे समानार्थी शब्द. ब्रूटल, सॅव्हेज, रूथलेस, कॅलस, बार्बरस, सॅडिस्टिक, असे वीसेक. ती म्हणाली, ‘आजोबा, सगळ्यांचा अर्थ क्रूरच आहे, मग वीस शब्द कशाला पाठ करायचे?’ मी पटकन म्हणालो, ‘सगळ्यांचा अर्थ एक नाही.’ म्हणून बसलो खरा, पण तिला समजावता समजावता मीच अशा ठिकाणी जाऊन पोचलो की जिथे मला जायचं नव्हतं. ते शेवटी सांगतो. आधी शब्द.

‘क्रुएल’ आणि आपला ‘क्रूर’ कानाला सारखे लागतात, तो निव्वळ योगायोग नाही. लॅटिनमध्ये ‘क्रुओर’ म्हणजे सांडलेलं रक्त आणि ‘क्रूडस’ म्हणजे कच्चं. संस्कृतात कच्चं मांस खाणाऱ्याला ‘क्रव्याद’ म्हणतात. मूळ एकच. इंग्रजीतला ‘रॉ’ म्हणजे कच्चा, तोही याच घरातला. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कच्चं, रक्ताळलेलं मांस बघितलं आणि त्यावरून माणसाच्या स्वभावाला नाव दिलं.

‘ब्रूटल’ वेगळा. ‘ब्रूट’ म्हणजे जनावर, ज्याला विचार नाही. ‘सॅव्हेज’ लॅटिनमधल्या रानावरून आला, आपला ‘रानटी’ तसाच. ‘बार्बरस’ ग्रीकांनी परक्यांसाठी काढला, ज्यांची बोली त्यांना बरबर अशी ऐकू यायची. या तिन्ही शब्दांत एक लबाडी आहे, ती लक्षात घ्या. दुष्टपणा करणारा जनावर आहे, रानातला आहे, परका आहे, म्हणजे तो आपल्यातला नाही. बॅटमॅनकडून बूट पुसून घेणारा, जेवणाच्या टेबलावर काटा-चमचा नीट धरणारा माणूस ‘सॅव्हेज’ कसा असेल?

‘रूथलेस’ सरळ आहे. जुन्या इंग्रजीत ‘रूथ’ म्हणजे दया, म्हणून रूथलेस म्हणजे आपला निर्दय. ‘सॅडिस्टिक’ एका फ्रेंच सरदाराच्या, मार्की द सादच्या नावावरून आला. दुसऱ्याच्या वेदनेत सुख घेणारा. हा शब्द ऊठसूट वापरू नका, खरे सॅडिस्ट फार थोडे असतात. माझ्या साऱ्या नोकरीत मी दोन बघितले असतील.

सगळ्यात उपयोगाचा शब्द आहे ‘कॅलस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घट्टा. कुदळ मारून तळहाताला पडतो ना, तो. पहिले आठ दिवस हात सोलतो, मग कातडी जाड होते आणि काही कळेनासं होतं. आमच्याकडे म्हणतात, मन निबर झालं. माझी आजी जून झालेल्या भेंडीला निबर म्हणायची. हा शब्द कुणाला जनावर म्हणत नाही. रोज तेच काम करणारा कुणीही निबर होऊ शकतो, इतकंच सांगतो. नातीला म्हटलं, वीसपैकी एकच पाठ करायचा असेल तर हा कर.

आता कृतीचे शब्द. इथे कायदा आला म्हणजे भाषा कडक होते आणि मला ती आवडते. 1860च्या भारतीय दंडसंहितेत ‘हर्ट’ वेगळं आणि ‘ग्रीव्हस हर्ट’ वेगळं. मराठीत दुखापत आणि जबर दुखापत. जबर दुखापत कशाला म्हणायचं ते कलम 320मध्ये आठ प्रकारांत मोजून दिलं होतं. त्यातला सातवा प्रकार: हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. हा सातवा प्रकार ध्यानात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे हे कलम 116 झालं. आठव्या प्रकारात वीस दिवस असह्य वेदना किंवा नित्याचं काम न जमणं अशी अट होती, ती पंधरा दिवसांवर आली. बाकीचा साचा तोच. ‘असॉल्ट’ म्हणजे मारणं असं आपण समजतो, पण या कायद्यात नुसता हात उगारून समोरच्याला आता मारणार असं वाटायला लावलं तरी तो असॉल्ट होतो. हात लागावाच लागत नाही.

आणि ‘टॉर्चर’? गंमत बघा. शब्द लॅटिनमधल्या पिळण्यावरून आला. आपण ‘पिळवणूक’ म्हणतो, तीच कल्पना, फक्त आपली पिळवणूक सावकार करतो आणि त्यांचं टॉर्चर कोठडीत होतं. भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997मध्ये सही केली, पण त्याला अजून अंतिम मान्यता दिलेली नाही. दंडसंहितेत टॉर्चर नावाचा वेगळा गुन्हाही नव्हता. मात्र कलम 330, म्हणजे कबुली काढण्यासाठी दुखापत करणं, त्याच्याखाली उदाहरणं दिली होती. पहिल्याच उदाहरणात एक पोलीस अधिकारी कबुलीसाठी माणसाचा छळ करतो, आणि तिथे ‘टॉर्चर’ हेच क्रियापद आहे. कायदा लिहिणाऱ्यांना उदाहरणासाठी नेमका पोलीसच का सुचला?

त्याचं एक उत्तर या भागात आहे. मी ज्या खोलीत बसून बोलतोय ती जमीन तेव्हा मद्रास इलाख्यात होती. 1854मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला की मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करायला रयतेचा छळ होतो का. कंपनीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी कानावर हात ठेवले. तरी चौकशी नेमावी लागली. एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन असे तिघे इंग्रज नेमले गेले आणि एप्रिल 1855मध्ये त्यांनी अहवाल दिला. नाव सरळ, कमिशन ऑन टॉर्चर. लोक कित्येक मैल चालत मद्रासला साक्ष द्यायला गेले. तोंडी आणि पत्रांनी मिळून जवळपास दोन हजार तक्रारी आल्या, आणि त्याही थोडक्या महिन्यांत. नेटवर या अहवालाची छापील प्रत सापडते. गेल्या पावसाळ्यात मी ती वाचून काढली, रोज थोडी थोडी. एका बैठकीत वाचवत नाही.

त्यातली भाषा बघण्यासारखी आहे. इंग्रजीत वाक्य चालू असतं आणि मध्येच तमिळ शब्द येतो: किट्टी. दोन लाकडं एका टोकाला जोडलेली, लिंबू पिळायच्या चिमट्यासारखी, त्यात बोटं घालून दाबायची. दुसरा शब्द अनंदाल. माणसाला वाकवून, गळ्यात दोर घालून तो पायाच्या अंगठ्याशी बांधायचा, आणि तसंच उन्हात उभं करायचं. कधी वर पाठीवर दगड. सगळं कशासाठी, तर काही रुपये सारा थकला म्हणून. इंग्रजीसारख्या श्रीमंत भाषेला या वस्तूंसाठी शब्द नव्हता असं नाही, त्यांच्याकडे अंगठा चेचायच्या स्क्रूचं जुनं नाव होतं. पण स्वतःचा शब्द वापरला तर ती वस्तू स्वतःच्या घरातली होते. किट्टी म्हटलं की ती नेटिव्हांची.

अहवालाचा निष्कर्षही त्याच वळणानं गेला. छळ होतो हे कबूल केलं, प्रामाणिकपणे केलं, आणि त्या तिघांना त्याबद्दल मी मानतो. पण दोष तहसीलदार, शिपाई, गावकामगार या देशी लोकांचा, गोऱ्या कलेक्टरला यातलं माहीत नसतं, रयतेचा उलट गोऱ्या साहेबावर भरवसा आहे, असं लिहिलं. सारा किती, तो ठरवायचा कलेक्टरनं. तारीख ठरवायची कलेक्टरनं. वसुली कमी आली तर तहसीलदाराला जाब विचारायचा कलेक्टरनं. आणि बोटं चेचली जायची तेव्हा तो दुसऱ्या खोलीत. मार्क्सनं 1857च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात या अहवालावर लेख लिहिला, तेव्हा नेमकं याच जागेवर बोट ठेवलं. उठावातल्या शिपायांच्या अत्याचारांनी लंडन हादरलं होतं त्या दिवसांतली ही गोष्ट.

1855 हेच वर्ष तंजावरकरांना दुसऱ्या कारणानं आठवतं. त्या ऑक्टोबरात तंजावरचे शेवटचे राजे, शिवाजीराजे, वारले. मुलगा नव्हता, मुली होत्या. कंपनीनं राज्य संपल्याचं जाहीर केलं. आम्हा सातारकरांना ही कथा नवी नाही; आमचं राज्य 1848मध्ये याच शब्दानं गेलं. शब्द होता ‘लॅप्स’. विम्याचा हप्ता भरायचा राहिला की पॉलिसी लॅप्स होते, तोच. कुणी काही केलं नाही, ते आपोआप गळून पडलं. मराठीत निदान ‘खालसा केलं’ म्हणतात, त्यात करणारा दिसतो.

तंजावरात मात्र गळून पडायला फौज लागली. 1856च्या ऑक्टोबरात कंपनीचा कमिशनर शिपाई घेऊन राजवाड्यात शिरला आणि राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ता, दागदागिने सगळं मोहोरबंद केलं. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकल्या. एका विधवा बाईनं कंपनीवर दावा लावून जिंकणं म्हणजे काय, विचार करा. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली. 1859चा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. कौन्सिलनं ते योग्य झालं असं म्हटलं नाही. म्हटलं की हे ‘ॲक्ट ऑफ स्टेट’ आहे, न्याय असो की अन्याय, कोर्टाला त्यात बघता येत नाही. 1862मध्ये सरकारनं खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, ती मेहेरबानी म्हणून. माझ्या सासूबाईंकडे ‘ॲक्ट ऑफ स्टेट’ला एक तंजावरी शब्द आहे, तो रेकॉर्डिंगवर सांगण्यासारखा नाही.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब नुसते इंग्रजांना झोडतायत. थांबा. इंग्रजीत ‘लूट’ आणि ‘ठग’ हे दोन्ही शब्द आपल्याकडून गेले. 1818नंतर पेशवाईतला जो माल इंग्रज फौजेनं वाटून घेतला त्याला मात्र त्यांनी लूट म्हटलं नाही, ते झालं ‘दख्खन प्राइझ मनी’, आणि त्याच्या वाटणीवरून त्यांचे सेनापती वर्षानुवर्षं भांडले. ठीक. पण आपण तरी आपल्या स्वाऱ्यांना काय म्हणत होतो? मुलुखगिरी. काय छान शब्द आहे, पर्यटनाला निघाल्यासारखा. 1740च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वर्षामागून वर्षं गेल्या. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचं बंगालीत ‘बोर्गी’ झालं आणि तिथल्या आया पोरांना झोपवताना त्यांची भीती घालू लागल्या. कलकत्त्यानं आपल्या भीतीनं 1742मध्ये खंदक खणला, मराठा डिच. माझ्या बरोबरचा एक बंगाली अधिकारी मेसमध्ये मला हसून ‘बोर्गी’ म्हणायचा. पहिल्यांदा मला अर्थ कळला नाही. कळल्यावर मी जरा घुश्श्यात होतो. नंतर वाटलं, आपल्या शब्दकोशात बारगीर हा फक्त सरकारी घोड्यावरचा स्वार आहे, ज्याच्या गावातून तो घोडा गेला त्याच्या शब्दकोशात तो वेगळा असणारच.

इथल्याच मातीतला आणखी एक शब्द. तमिळमध्ये ‘परै’ म्हणजे एक प्रकारचा डफ, आणि तो वाजवणारा समाज परैयर. त्यावरून इंग्रजीत ‘परायाह’ झाला, अर्थ बहिष्कृत, वाळीत टाकलेला. आज लंडनचा वार्ताहर एखाद्या देशाला परायाह स्टेट म्हणतो तेव्हा त्याच्या मनातही नसतं की हे जिवंत माणसांच्या एका समाजाचं नाव आहे. परीक्षेत हा शब्द आला तर अर्थ लिहा, पण स्वतःच्या वाक्यात वापरू नका. तेवढी सभ्यता पाळायला आपल्याला काही खर्च येत नाही.

या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अखंड तंजावर जिल्ह्यात, 25 डिसेंबर 1968च्या रात्री कीळवेण्मणी गावात दलित शेतमजुरांची 44 माणसं एका झोपडीत जळून मेली. बहुतेक बायका आणि मुलं. मजुरीत थोडं भात वाढवून मागण्यावरून भांडण होतं, झोपडीला आग लावली गेली. खटला झाला. 1973मध्ये मद्रास हायकोर्टानं जमीनदारांना सोडलं. प्रतिष्ठित, मोटारी बाळगणारी माणसं स्वतः चालत जाऊन आगी लावतील हे कोर्टाला पटलं नाही. मघाशी म्हटलं ना, काटा-चमचा नीट धरणारा सॅव्हेज कसा असेल. इंग्रजी लिखाणात आजही या रात्रीला कुणी ‘मॅसेकर’ म्हणतं, कुणी ‘इन्सिडेंट’. ‘मॅसेकर’ हा मुळात फ्रेंच कसाईखान्याचा शब्द. ‘इन्सिडेंट’ म्हणजे नुसतं काहीतरी घडलं. 44 माणसांचं काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी माझ्यापुरतं ठरवलंय.

मराठीत एक इंग्रजी शब्द असा आहे की तो मूळ इंग्रजांनाही कळणार नाही: ॲट्रॉसिटी. ‘त्याच्यावर ॲट्रॉसिटी लागली.’ 1989चा कायदा झाला आणि अत्याचाराचं नाव कलमाचं नाव झालं. गाव बोलतं तेव्हा ॲट्रॉसिटी ‘लावणाऱ्या’बद्दल बोलतं, करणाऱ्याबद्दल नाही. तसंच ‘एन्काऊंटर’. त्याचा साधा अर्थ अवचित गाठ पडणं. 1982मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला त्यानंतर मुंबईनं त्या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. 2014मध्ये सुप्रीम कोर्टाला अशा मृत्यूंच्या चौकशीची नियमावली घालून द्यावी लागली, तो खटलाही महाराष्ट्राचाच. आणि आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका ‘सौम्य लाठीमार’. मी फौजेत होतो, लाठी बघितली आहे. सौम्य चहा असतो.

आता फौज. आमच्याकडे मेलेला, जखमी झालेला, बेपत्ता झालेला, सगळे ‘कॅज्युअल्टी’. शब्दाच्या मुळाशी आहे योगायोग, अचानक घडलेलं. कॅज्युअल लीव्ह आणि कॅज्युअल्टी एकाच घरातले. ‘न्यूट्रलाइज’ म्हणजे ठार करणं. ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हणजे ज्यांचा काही संबंध नव्हता ती माणसं मेली. ‘फ्रेंडली फायर’ म्हणजे आपल्याच गोळीनं आपलाच गेला. जालियनवाला बागेत 1650 गोळ्या झाडून आलेल्या जनरल डायरनं आपल्या अहवालात कारण दिलं होतं ‘मॉरल इफेक्ट’. नैतिक परिणाम! हे उदाहरण आम्हाला कायद्याच्या वर्गात शिकवत, म्हणून ‘मिनिमम फोर्स’, कमीत कमी बळ, हे तत्त्व आमच्या हाडात मुरवलेलं असतं. आर्मी ॲक्टमध्ये क्रूर वर्तनाला शिक्षाही आहे, कलम 46. भारतीय फौज कागदावर तरी स्वतःला फसवत नाही असं मी अभिमानानं सांगतो.

आणि आता ते, जे शेवटी सांगतो म्हणालो होतो.

1990च्या दशकात मी मेजर होतो, एका अशांत भागात कंपनी सांभाळत होतो. भागाचं आणि पलटणीचं नाव घेत नाही. एका रात्री घेराबंदीत एक पोरगा सापडला, एकोणीस-वीसचा. त्याच्याकडे एक चिठ्ठी होती, तिच्यात एका अड्ड्याचा उल्लेख होता. दोन दिवसांपूर्वी आमचा एक जवान स्फोटात गेला होता. मी जवानांना सांगितलं, ‘पूछो इससे.’ एवढंच. मी मारा म्हणालो नाही. मी शेजारच्या खोलीत नकाशा पसरून बसलो. मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत होती, आणि मला ऐकू येत होतं. किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही. अड्ड्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. चिठ्ठी त्याच्या चुलतभावाची होती. त्याचा डावा हात कोपराखाली मोडला होता.

सकाळी रिपोर्ट लिहायचा होता. माझं इंग्रजी चांगलं, ड्राफ्टिंगबद्दल माझं कौतुक व्हायचं. मी लिहिलं: ‘द सब्जेक्ट वॉज क्वेश्चन्ड. ही सस्टेन्ड माइनर इंज्युरीज व्हाइल अटेम्प्टिंग टू एस्केप.’ बघा कशी गुळगुळीत आहेत ही दोन वाक्यं. पहिल्यात प्रश्न विचारणारा गायब, कर्मणी प्रयोग. पोरगा ‘सब्जेक्ट’, म्हणजे विषय. दुसऱ्यात इजा त्याला ‘झाली’, जशी सर्दी होते, आणि दोष पळण्याचा. पळाला तो नव्हताच. आणि ‘माइनर’. कलम 320, प्रकार सातवा: हाड मोडणं. मला ते तोंडपाठ होतं.

आमचे सुभेदारसाहेब खटाव तालुक्यातले, माझ्याहून वयानं बारा वर्षं मोठे. रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवला, अर्थही सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात, आदर सांभाळून म्हणाले, ‘साहेब, मारलं म्हणा की. पोरांनी मारलं. मीबी हुतो तितं.’

मी म्हणालो, ‘सुभेदारसाहेब, इंग्रजीत असंच लिहितात.’

ते ‘जी साहेब’ म्हणाले आणि कागद घेऊन गेले. तीन दिवसांनी पोराला गावच्या म्होरक्याच्या ताब्यात दिलं, हाताला प्लास्टर घालून. त्याचा बाप न्यायला आला होता. त्यानं माझ्यापुढे कागदावर अंगठा उठवला, की मुलगा सुखरूप मिळाला. तो कागदही मीच लिहिला होता. पुढे काही झालं नाही. कुणी विचारलं नाही, वरून शेरा आला तो चांगला आला. मी लेफ्टनंट कर्नल झालो, मग कर्नल झालो.

1855चा तो अहवाल वाचताना मी एका पानावर अडकलो होतो, जिथे कलेक्टरला माहीत नव्हतं असं लिहिलंय. मी पुस्तक मिटून अंगणात गेलो. सासूबाईंनी विचारलं, काय झालं. म्हटलं, डोळे दुखतायत.

सुभेदारसाहेब गेल्या वर्षी गेले. मी त्यांना त्या सकाळबद्दल कधी काही बोललो नाही, पेन्शनच्या कामासाठी दोनदा फोन झाले तेव्हाही नाही. तो पोरगा आता पन्नाशीला आला असेल. त्याचं नाव मला आठवतं, ते सांगण्याचा हक्क माझा नाही. मी एका वकील मित्राला विचारलं, इतक्या वर्षांनी तो कागद दुरुस्त करता येईल का. तो म्हणाला, कागद राहिला तरी असेल का? मी म्हटलं, माझ्यापुरता आहे.

हे सगळं मी नातीला सांगितलं. आधी ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण ती याच नोकरीत जायचं म्हणते, आणि उद्या कुणीतरी तिच्याही ड्राफ्टिंगचं कौतुक करेल. ती गप्प बसून ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती काही विचारेल, माझ्याबद्दल. तिनं नुसती वही पुढे सरकवली आणि म्हणाली, ‘मग आता लिहा ना बरोबर.’

मी लिहिलं. ‘माय मेन बीट हिम. आय वॉज इन द नेक्स्ट रूम अँड आय हर्ड इट. हिज लेफ्ट आर्म वॉज ब्रोकन.’

तिनं वाचलं, पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या वाक्याखाली रेघ मारली. ‘आजोबा, हे परत पॅसिव्ह झालं.’

मी ते खोडलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. पहिला शब्द कोणता घालायचा, ‘दे’ की ‘वी’, यावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो होतो. मग मी ‘वी’ लिहिलं.